कड्यावरचे रानबदाम

अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत बंगल्यांच्या बागा करून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी बरीच वर्षं साइट सुपरवायझर आहे. शिकलो कोकणातल्या कृषी महाविद्यालयात. तिथं आंबा, काजू आणि भात शिकलो आणि इथं येऊन लॉन अंथरायला लागलो. लॉन ट्रकमधून सतरंजीसारखं गुंडाळून येतं. वाळूवर खत पसरायचं, इरिगेशनच्या नळ्या टाकायच्या, वरून लॉन उलगडायचं. कोपऱ्यांत खजूर, भिंतीला बोगनवेल. क्लायंट खूश होतो आणि आपण पुढच्या साइटवर जातो.

एका हिवाळ्यात ऑफिसातून निरोप आला की एका म्हाताऱ्या गृहस्थांना बाग करून हवी आहे, पण आधी गेलेल्या सुपरवायझरला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं आहे. बंगला माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. मी गेलो. दार त्यांनी स्वतःच उघडलं. उंच, सडपातळ, पांढरी दाढी, अंगात इथला पायघोळ कंदुरा आणि हातात काठी. काठीच्या टोकाला छोटी कुऱ्हाड होती. उत्तरेकडच्या डोंगरातले पुरुष अशी काठी बाळगतात हे मला ऐकून माहीत होतं. पाहिली मात्र तेव्हाच.

मी टॅब्लेटवर डिझाइनं दाखवायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"लॉन नको," ते म्हणाले. हिंदी चांगलं बोलत होते. तरुणपणी सैन्यात होते, तिथल्या बलुची सोबत्यांकडून शिकले होते.

"मग काय लावू या, अरबाब?"

"अरबाब म्हणू नकोस. मी तुझा मालक नाही. मला डोंगर पाहिजे."

मला वाटलं, कारंजं आणि कृत्रिम दगडांची टेकडी हवी असेल. इथं तेही पुष्कळ जण करून घेतात. तसं म्हटल्यावर ते हसले आणि मला आत बसवून, खजूर आणि गावा पुढे ठेवून, त्यांनी नीट सांगितलं. गावा म्हणजे इथली वेलचीची कॉफी.

त्यांचा जन्म उत्तरेकडच्या रास अल खैमाच्या डोंगरावरचा, अगदी वरच्या कड्यावरचा. चुनखडीचा उघडा डोंगर, समुद्रापासून इतका उंच की हिवाळ्यात पहाटे पखालीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. हिवाळ्यात वर गहू पिकवायचा, उन्हाळ्यात खजुराच्या दिवसांत खाली किनाऱ्यावर यायचं, असं त्यांच्या लोकांचं आयुष्य होतं. घराच्या दाराशी एक रानबदाम होता. त्यांच्या बोलीत मिझी. पाण्याची पखाल आई त्याच झाडाला टांगायची. पुढे खाली शाळा, दवाखाने आणि नोकऱ्या आल्या आणि एकेक घर खाली उतरलं. ते सैन्यात गेले, सरकारने अबू धाबीकडे घर दिलं, मुलं इथंच मोठी झाली.

"वर काय काय उगवतं?" मी विचारलं.

"फार काही नाही. मिझी. शीह. काट्यांच्या उशा असतात ना, गोल, बसलात तर कळेल," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "दोन झाडांमध्ये एवढी जागा असते की बकरीलासुद्धा चालून कंटाळा येतो. मला तेवढंच पाहिजे. जास्त नको."

आतून त्यांच्या पत्नी ट्रे घेऊन आल्या. नवऱ्याचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. त्याही त्याच डोंगरातल्या. मोडक्या हिंदीत मला म्हणाल्या, "मुहंदिस, मी जन्मभर त्या दगडांवर पाणी वाहिलं. आता सुटले म्हटलं, तर हा दगड घरी आणतो."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव तेच पडलं, आणि मी त्यांना चाचा म्हणायला लागलो.

ऑफिसला हे काम विचित्र वाटलं, पण क्लायंटला हवं तर करा, म्हणाले. मला मात्र किती वर्षांनी रात्री झोपण्याआधी पुस्तकं काढून बसावंसं वाटलं. उंच चुनखडीच्या धारेवरची ही झाडं म्हणजे एक वेगळीच वस्ती आहे. या देशात ती फक्त त्या वरच्या पट्ट्यात सापडते. पाऊस नावाला, माती दगडांच्या फटीत अडकलेली तेवढीच, वारा सतत. तिथं गर्दी करून कोणी जगूच शकत नाही. एकेकट्याने, लांबलांब राहायचं. आमच्याकडे कातळसड्यावर उन्हाळ्यात असं उघडंबोडकं दिसतं, पण पावसाळा आला की सडा गवताफुलांनी भरून जातो. या डोंगराला तसा पावसाळा नाही.

रोपं वरून उपटून आणायची नाहीत हे मी चाचांना सुरुवातीलाच सांगितलं. तिथं आहेत तीच मोजकी, आणि उपटलेली जगतही नाहीत. त्यांना ते पटलं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा एक चुलतभाऊ बकऱ्या पाळून राहायचा. त्याने एक पिशवी पाठवली: घराजवळच्या मिझीचे बदाम, आणि शीहच्या वाळलेल्या, बी धरलेल्या काड्या. पिशवी उघडली आणि गाडीभर वास सुटला. घरी नेली तर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"दवणा कुठून आणलास?"

मी पुस्तकात पाहिलं. शीह आणि दवणा एकाच कुळातले निघाले. तिने एक काडी देवापुढे ठेवली आणि एक उशाशी घेतली.

रानबदामाचं बी उगवायला आधी थंडी लागते. ती खलिफा सिटीत कुठून आणणार? ओल्या वाळूत बिया घालून मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरल्या आणि आमच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. बायकोने पहिल्या आठवड्यात दोनदा दही समजून वाळूत चमचा घातला. मग तिने डब्यांवर चिकटपट्टी लावून "झाड" असं लिहिलं. हिवाळा सरता सरता बियांना मोड आले. मी फोटो पाठवला तर चाचा संध्याकाळी चालत आमच्या घरी आले, फ्रिजचं दार उघडून उभे राहिले आणि किती तरी वेळ बंदच करीनात.

तेव्हा ते चालत यायचे. ही गोष्ट मला पुढे पुष्कळदा आठवली.

बाग तयार झाली. रास अल खैमातूनच चुनखडीचे दगड मागवले, जमीन उंच करून चढ केला, दगडांच्या फटी केल्या, त्यात रोपं लावली. शेजारच्या बंगल्यातले लोक येता-जाता विचारायचे, काम अर्धं का राहिलं? चाचांच्या मुलांनाही ते आवडलं नव्हतं. चांगली मुलं होती, बापाचा मान ठेवायची, पण धाकटा एकदा मला हळूच म्हणाला, "हबीबी, निदान कडेला तरी थोडं लॉन टाक."

पहिल्या वसंतात शीह हातभर वाढली. मिझीच्या काड्या हिरव्यागार दिसायला लागल्या. या झाडाला पानं नावालाच असतात, काड्याच हिरव्या, उभा केलेला खराटा जणू. चाचा सकाळी खुर्ची टाकून तिथं बसायचे. मी साइटवर जाताना क्षणभर थांबायचो.

"या सुटीत वर जाऊ या, चाचा," मी एकदा म्हणालो. "मला मूळ जागा बघायची आहे."

"जाऊ, इन्शाल्ला. आधी ही मूळ धरू देत. यांना सोडून कसं जायचं?"

मलाही ते बरोबर वाटलं. रोपं लहान होती आणि उन्हाळा येत होता.

इथला उन्हाळा कोरडा असता तर कदाचित निभावलं असतं. पण ऑगस्टमध्ये समुद्रावरून दमट हवा येते, चष्म्यावर पाणी धरतं, भिंती घामेजतात. डोंगरावरच्या झाडांना कोरडं ऊन सोसतं, हे सोसत नाही. आधी शीह बुडापासून काळी पडली. मग एकेक मिझी. वरून काडी हिरवी दिसायची आणि हात लावला की मुळापासून अलगद हातात यायची. शेजारच्या लॉनचं पाणी जमिनीखालून झिरपत होतं, पाणी खारटही होतं. मी चर खणला, खडी भरली, पंखे लावून पाहिले. सप्टेंबर संपला तेव्हा बागेत नुसते दगड होते.

चाचा म्हणाले, "पुन्हा लाव."

पुन्हा चुलतभावाची पिशवी आली, पुन्हा फ्रिजमध्ये डबे गेले. त्या वर्षी मी नर्सरीत एक खोली थंड आणि कोरडी ठेवून काही रोपं तिथंच राखली, म्हणून ती वाचली. बागेतली पुन्हा गेली. तिसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तेच. दर वेळी मी म्हणायचो की वर जाऊन जागा बघू, आणि दर वेळी काहीतरी पेरायचं, झाकायचं किंवा वाचवायचं असायचं. चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते फारसं जमलं नाही. मग आमच्या घरी येणं बंद झालं, मग मशिदीत जायला गाडी लागायला लागली. हे इतकं हळूहळू झालं की मी काही ठरवून पाहिलंच नाही. रोज दिसणाऱ्या माणसाचं म्हातारपण तसंही कुठे दिसतं?

शेवटी फेब्रुवारीत एके दिवशी त्यांनीच फोन केला. "मुहंदिस, मिझी फुलायचे दिवस आलेत. चल."

मी, माझी बायको, चाचा आणि चाची असे आम्ही पहाटे निघालो. शारजाच्या पुढे ट्रॅफिक नव्हतं. रास अल खैमाच्या डोंगरात आता वरपर्यंत गुळगुळीत रस्ता गेला आहे. वळणावळणाने गाडी चढत गेली. एका वळणावर चाची म्हणाल्या, "इथपर्यंत यायला आम्हाला अर्धा दिवस लागायचा." बायकोने त्यांचा हात धरला.

रस्ता एका धारेवर संपला. गाड्या, सेल्फी घेणारी मुलं, कॉफीचा ठेला. चाचांनी काठीने समोरची दुसरी धार दाखवली. मध्ये एक खोल घळ होती. त्यांचं घर त्या पलीकडच्या धारेवर. पायवाट घळीच्या कडेकडेने जात होती आणि दगड हलत होते. चाचा वाटेच्या तोंडापर्यंत आले, काठी टेकून दोन पावलं पुढे गेले आणि उभे राहिले.

"तुम्ही दोघं जा," ते म्हणाले. "दार पूर्वेला आहे. झाड दाराच्या डावीकडे."

ते आणि चाची गाडीपाशी खुर्च्या टाकून बसले. मी आणि बायको गेलो.

घळ ओलांडून वर चढल्यावर माणसांचे आवाज थांबले. वारा तेवढा होता. दगड करडा, धारदार, पावसाने खाऊन खळगे पडलेला. आणि खरंच, दोन झाडांमध्ये पुष्कळ जागा होती. इथं काटेरी उशीसारखं एक झुडूप, तिकडे लांब दुसरं. शीहचे राखाडी झुबके दगडाला चिकटून बसलेले. बायकोने एक पान चुरगाळलं आणि वास घेतला. एका फटीत तिला बोटभर उंचीचं पांढरं फूल दिसलं, मध्ये पिवळं. मी पुस्तकात पाहिलं होतं. तो रानटी ट्युलिप होता. ती गुडघ्यांवर बसली.

"एवढ्याशा मातीत?" ती म्हणाली.

आणखी वर, धारेच्या टोकाला, पाच-सहा रानबदाम फुललेले होते. हिरव्या काड्यांना गुलाबी-पांढरी फुलं, पान एकही नाही. आमच्या फ्रिजमधून उगवलेल्या झाडाचं मूळ रूप मी पहिल्यांदा पाहत होतो आणि मला एकदम लाज वाटल्यासारखं झालं. आम्ही याला नळीचं पाणी पाजत होतो.

घर सापडलं. अर्धं जमिनीत, भिंती हातभर जाड, छप्पर अर्धं बसलेलं. आत एवढा मोठा रांजण की तो आधी ठेवून मग भोवती भिंती बांधल्या असणार. दार पूर्वेला होतं. डावीकडे मिझी होती, वाळलेली. खोड पांढरं पडलं होतं आणि फांद्या हात लावताच मोडत होत्या. भोवती एकही नवं रोप नव्हतं. बकऱ्यांच्या लेंड्या मात्र होत्या. हे झाड आज-उद्याचं गेलेलं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी वाळलं होतं.

"मग पिशवीतले बदाम?" बायकोने विचारलं.

मी वरच्या झाडांकडे पाहिलं. चुलतभावाने ते तिथून आणले असणार.

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"जे आहे ते. त्यांनी त्यासाठीच पाठवलंय."

परत यायला वेळ लागला. चाचा आम्ही दिसल्यापासून उभेच होते. मी पाणी प्यालो आणि सांगितलं.

"पूर्ण वाळलंय?"

"पूर्ण, चाचा."

"कोणी तोडलं?"

"नाही. कुऱ्हाडीची खूण नाही. आपोआप गेलंय. पाऊस नसेल झाला बरीच वर्षं."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याने मला सांगितलं नाही. वाईट वाटेल म्हणून." ते चुलतभावाबद्दल बोलत होते. आवाजात राग नव्हता.

मी त्यांना वरच्या फुललेल्या झाडांचे फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल लांब धरून एकेक पाहिला. "ही डोंगराची," ते म्हणाले. "चांगली आहेत." आणि मोबाइल चाचींकडे दिला. चाचींनी मात्र वाळलेल्या झाडाचाच फोटो शोधून काढला, बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. पखाल त्यांनीही त्या झाडाला टांगली होती, सून म्हणून. हे मला आधी सुचलंच नव्हतं. चाचांच्या आईचं झाड असंच आम्ही म्हणत आलो होतो.

उतरताना गाडीत चाचा माझ्या शेजारी बसले होते. खाली मैदान दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "पहिल्या वर्षी मी चालू शकत होतो, मुहंदिस."

एवढंच. मला दोष देत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते. मी गाडी चालवत राहिलो.

नर्सरीतल्या थंड खोलीत मिझीची काही रोपं अजून शिल्लक होती. पुढच्या आठवड्यात मीच म्हणालो की ती वर नेऊन घराजवळ लावू. शेवटी बी त्याच धारेचं होतं. चाचांना ते आवडलं. बागेसाठी कधी नव्हता इतका उत्साह त्यांना आला. बकऱ्यांपासून राखायला दगडांचं कुंपण कसं रचायचं ते त्यांनी साखरेचे खडे मांडून मला शिकवलं. मार्चच्या सुरुवातीला मी आणि बायकोने रोपं पाठीवर वाहून नेली, वाळलेल्या झाडाच्या आसपास लावली, कुंपणं रचली. चाचा पलीकडच्या धारेवर बसून दुर्बिणीतून पाहत होते. एकदा त्यांनी फोन करून ओरडून सांगितलं की तिसरा दगड उलटा लागलाय. तो खरंच उलटा होता.

सुटी मिळेल तसा मी पाणी घेऊन जात होतो. रोज जायला हवं होतं, ते शक्य नव्हतं. पाऊस झालाच नाही. मे महिन्यात गेलो तेव्हा एक रोप जिवंत होतं, आणि जूनमध्ये तेही नव्हतं. ती रोपं फार लाडात वाढलेली होती. पहिल्या वर्षीच दगडाच्या फटीत बी टाकलं असतं, पाऊस पडेल तेव्हा उगवू दिलं असतं, तर कदाचित मूळ खोल गेलं असतं. आणि टाकायला चाचा स्वतः गेले असते. तीन हिवाळे होते आमच्याकडे. ते आम्ही डोंगर खाली आणण्यात घालवले.

मी त्यांना जूनमधलंही सांगितलं. ते तेव्हा पलंगावरच असायचे. ऐकून म्हणाले, "खलास. आता कुणाला त्रास देऊ नकोस." मग चाचींना हाक मारून मला गावा द्यायला लावला. त्या वर्षीच्या पानगळीच्या दिवसांत, म्हणजे इथं हवा जरा बरी व्हायला लागते तेव्हा, ते गेले. मी आणि बायको भेटायला गेलो. चाची बायकोला घेऊन आत बसल्या आणि मला मुलांनी बाहेर बसवलं.

पुढच्याच महिन्यात मोठ्या मुलाचा ऑफिसात फोन आला. दगड काढून तिथं गाड्यांसाठी फरशी आणि कडेला लॉन करून हवं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. घरात गाड्या वाढल्या होत्या आणि बाग म्हणून तिथं काही उरलंही नव्हतं. ऑफिसने काम मलाच दिलं. दगड उचलायला क्रेन आली तेव्हा चाची वरच्या खिडकीत उभ्या होत्या. मी वर पाहिलं तर त्यांनी हात हलवून खूण केली, कर, कर.

लॉन मी चांगलं अंथरलं. उतार नीट दिला, पाणी कुठे साचणार नाही असं. संध्याकाळी काम संपवून हिशेबाच्या कागदावर धाकट्या मुलाची सही घेतली. तो म्हणाला, "यल्ला, अंकल, आता छान दिसतंय." मी हो म्हणालो आणि चालत घरी आलो.